मुंबईची सहल इतिहास-राज्यशास्त्राची करायची असेल तर प्लॅनिंग असं करा

सहलीच्या पत्रकावर मुंबई लिहिलं की पुढची यादी आपोआप तयार होते, गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि संध्याकाळी परत. मुलं खूश असतात आणि त्यात वाईट काहीच नाही. पण मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते, आणि ज्या गोष्टी मी फळ्यावर तारखा लिहून शिकवते त्या जिथे घडल्या त्या जागांच्या शेजारून आमची बस दरवर्षी जायची आणि आम्ही खिडकीतूनसुद्धा बघायचो नाही, याचं मला खूप वाईट वाटायचं. म्हणून काही वर्षांपूर्वी हट्टाने वेगळी सहल आखली. पहिल्या वेळी बऱ्याच चुका झाल्या, नंतर जमत गेलं. ज्या शिक्षकांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे ठिकाणं ठरवू नका, आधी एक प्रश्न ठरवा. आमचा प्रश्न होता "सरकार आपलं ऐकत नसेल तर लोक काय करतात?" बस्स, एवढाच. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने तो मोठ्या अक्षरात लिहायचा. मुंबई या प्रश्नासाठी इतकी सोयीची आहे की विचारू नका, कारण अर्ज, सत्याग्रह, खटला, संप, मोर्चा, निवडणूक हे सगळे मार्ग लोकांनी याच शहरात वापरलेत आणि त्या जागा एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. प्रश्न एक असला की ठिकाणं आपोआप गळतात. संग्रहालय कितीही सुंदर असलं तरी या प्रश्नाला धरून नसेल तर या वेळी नाही, पुढच्या वर्षी. पहिल्या वेळी मी एका दिवसात आठ ठिकाणं घेतली होती आणि तिसऱ्या ठिकाणानंतर पोरं नुसती बसमधून उतरत होती नि चढत होती. आता दिवसाला तीन, फार तर चार.

आता कागदपत्रं. ही दोन महिने आधी सुरू करा, खरंच दोन महिने. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, पालकांचं सहीचं संमतीपत्र, मुलांची यादी. एसटीने जाणार असाल तर शालेय सहलीला भाड्यात सवलत मिळते, पण नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्या शाळा एकदम डेपोत जातात त्यामुळे गाडीची तारीख आधी पक्की करा आणि मग बाकीचं. प्रत्येक ठिकाणी शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, किती मुलं, कितवीची, कधी येणार, कोण सोबत, कुणाचा फोन नंबर, आणि पत्र पाठवून थांबू नका, आठ दिवस आधी फोन करून खात्री करा. हे मी अनुभवाने सांगतेय, एका संग्रहालयाच्या दारात बावन्न मुलं घेऊन आम्ही उभे होतो आणि आत डागडुजीचं काम चालू म्हणून बंद. वेबसाइटवर उघडं दाखवत होतं. मुलांचे चेहरे अजून आठवतात. सोमवारी तर बरीच ठिकाणं बंद असतात, त्यामुळे सोमवार प्रवासात घालवा.

पहिला दिवस गावदेवीच्या भागात. सकाळी नऊच्या सुमाराला ऑगस्ट क्रांती मैदानाजवळ उतरा. पण मैदानात शिरायच्या आधी शेजारची गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेची जागा दाखवा, कारण इथे २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं, तिथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला आणलं. ७२ प्रतिनिधी होते आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष. मुलांना नावं पाठ करायला लावू नका, त्या प्रतिनिधींनी मागितलं काय होतं ते सांगा. कायदेमंडळात निवडून आलेले लोक जास्त घ्या, आयसीएसची, म्हणजे वरच्या सरकारी नोकऱ्यांची, परीक्षा भारतातही घ्या, सैन्यावरचा खर्च कमी करा. म्हणजे विनंतीचा सूर, अर्जाची भाषा. मग हाकेच्या अंतरावर मैदानात जा, जिथे ८ ऑगस्ट १९४२ ला "चले जाव" म्हटलं गेलं. मधे ५७ वर्षं. मी मुलांना तिथे गवतावर बसवते आणि एवढंच विचारते, की "कृपया द्या" पासून "निघून जा" पर्यंत यायला मधे काय काय घडलं असेल? याचं उत्तर मी देत नाही. अर्धी वही तिथे भरते.

याच मैदानावर सांगण्यासारखं अजून खूप आहे. "क्विट इंडिया" ही घोषणा ज्यांनी सुचवली ते युसुफ मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते. ठराव झाला त्याच रात्री, ९ तारखेच्या पहाटे, नेत्यांना पकडलं, गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमधे नेलं आणि नेहरू, पटेल, आझाद वगैरे नगरच्या किल्ल्यात. तरी त्या दिवशी अरुणा असफ अलींनी या मैदानात झेंडा फडकवलाच. आणि मग उषा मेहता! माझ्या वर्गातल्या मुलींना सगळ्यात जास्त हीच गोष्ट आवडते. बावीस वर्षांची मुलगी, मित्रांना घेऊन चोरून रेडिओ स्टेशन चालवते, पोलिसांना सापडू नये म्हणून जागा बदलत राहते आणि नोव्हेंबर १९४२ पर्यंत ते चालतं. ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलतोय, अशी सुरुवात असायची. आम्ही इथे एक छोटा उपक्रम घेतो, प्रत्येक गटाने एक मिनिटाचं गुप्त बातमीपत्र लिहायचं. सगळे नेते तुरुंगात आहेत, वर्तमानपत्रांवर बंधनं आहेत, लोकांपर्यंत कुठली बातमी पोचवाल? एका गटाने लिहिलं होतं, "नेते पकडले गेले आहेत, आता तुमच्या गल्लीत जो धीर देईल तो नेता." आठवीतल्या मुलांनी. मी ते पान झेरॉक्स करून ठेवलंय.

तिथून मणिभवन चालत दहा मिनिटं. चालतच जा, बसमधे चढवण्या-उतरवण्यात तेवढाच वेळ जातो. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या घरात राहायचे. घर दुमजली, जिने अरुंद, त्यामुळे पन्नास मुलं एकदम आत घालू नका, दोन तुकड्या करा आणि बाहेर थांबलेल्यांना काम द्या. आत गांधीजींची खोली आहे, काचेच्या पलीकडे चरखा, बैठक, एवढंच. छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे, तिथे मुलं सगळ्यात जास्त रेंगाळतात, रेंगाळू द्या. आणि गच्ची दाखवा, परवानगी असेल तर. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना याच गच्चीवरून अटक झाली. अजून एक प्रसंग इथला सांगा जो पुस्तकात सहसा येत नाही, ७ एप्रिल १९१९ ला "सत्याग्रही" नावाचं पत्रक सरकारी नोंदणी न करता मुद्दाम काढलं, म्हणजे कायदा उघडपणे मोडायचा आणि मोडला असं सांगायचंही. गपचूप मोडणं आणि सांगून मोडणं यातला फरक मुलांना इथे जितका कळतो तितका वर्गात कधी कळला नाही.

दुपारी जेवण, विश्रांती आणि मग गिरगाव चौपाटी. लोकमान्यांचा पुतळा. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि अंत्यसंस्कार या वाळूवर झाले, हे मुलांना सांगितलं की ती दचकतात, चौपाटीवर? हो, चौपाटीवर. इथे जास्त बोलू नका, मुलं दिवसभर चाललेली असतात, तासभर खेळू द्या. पण पाण्यात कुणीही उतरायचं नाही, घोटाभरसुद्धा नाही. यावर चर्चा नाही, सवलत नाही, बसमधेच ठणकावून सांगायचं आणि शिक्षकांनी पाण्याच्या बाजूला रांगेत उभं राहायचं.

दुसरा दिवस फोर्टचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. सीएसएमटी बाहेरून बघा, १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी याच भागातून, बोरीबंदरहून ठाण्याला गेली, स्टेशनची इमारत त्यानंतरची, आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत. अर्धा तास पुरे, कारण आपला प्रश्न वेगळा आहे. मग ओव्हल मैदानावर या. एका बाजूला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, समोरच्या बाजूला गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, या दोन्ही रांगा मिळून २०१८ मधे वारसा यादीत गेल्या. हायकोर्ट चालतं कोर्ट आहे, परवानगी नसेल तर आत जायचा आग्रह धरू नका, मैदानावरून ते छान दिसतं आणि गोष्ट सांगायला मैदानच बरं.

गोष्ट कुठली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जुलै १९०८, केसरीतल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. समोर न्यायमूर्ती दावर, जे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. मी नऊ मुलांना पुढे बोलावते, सात एकीकडे, दोन एकीकडे उभी करते आणि त्या दोघांना विचारते, आता तुम्हाला कसं वाटतंय? मग सातांना विचारते. मग बाकीच्यांना सांगते की शिक्षा सहा वर्षांची, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. आणि मग ती गोष्ट, की गिरणी कामगारांनी एका वर्षाला एक दिवस असा सहा दिवस संप केला. एकदा एक मुलगा म्हणाला "बाई, त्यांचा पगार गेला असेल ना?" हो, गेला असेल. घरी भाकरीचा प्रश्न असताना एका माणसाच्या शिक्षेसाठी सहा दिवस काम बंद ठेवणं म्हणजे काय, हे त्या मुलाला कळलं, कारण त्याचे वडील रोजंदारीवर जातात. मी पुढे काही बोलूच शकले नाही.

तिथून पाच मिनिटांवर हुतात्मा चौक. इथे रहदारी प्रचंड, आवाज प्रचंड, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट इथे सांगायला जाऊ नका, काहीही ऐकू जात नाही, ती आधी वर्गात किंवा मैदानावर सांगून घ्या. थोडक्यात, मुंबई महाराष्ट्रात नको असं ठरत होतं, २१ नोव्हेंबर १९५५ ला लोक इथे जमले, गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मधे अजून मोठा गोळीबार, १०६ हुतात्मे. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती भाग एकत्र असलेलं द्विभाषिक राज्य झालं आणि १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला लोकांनी भरभरून मतं दिली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. मुलांना चौकात फक्त बघायला सांगा. हातात मशाल घेतलेल्या दोन मूर्ती आहेत. कोण आहेत ते? नावं नाहीत. एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, "हे पुढारी नाहीत, बाई." बरोबर, एक कामगार आणि एक शेतकरी. शेजारी फ्लोरा फाउंटन आहे १८६४ चं, त्याचा फोटो काढू द्या, पण वहीत मशालवाल्यांचं चित्र काढायला लावा. फोटो काढला की मुलं बघत नाहीत, चित्र काढायचं म्हटलं की पायातल्या वहाणासुद्धा बघतात.

वेळ असेल तर इथून रीगल सिनेमाच्या दिशेला चालत जा, पंधरा मिनिटं. तिथे आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे ती जुनी दगडी इमारत, तेच पूर्वीचं कौन्सिल हॉल, विधानभवन व्हायच्या आधी विधिमंडळ तिथे भरायचं. बाबासाहेब १९२७ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते आणि १९३७ मधे स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आल्यावर त्यांनी खोती पद्धत, म्हणजे कोकणात शेतकऱ्यांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, बंद करायचं विधेयक आणलं. आमच्याकडे कोकणातली काही मुलं आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांचा खोताशी संबंध आलेला, त्यांना हे घरी जाऊन विचारायला सांगितलं होतं आणि काय काय माहिती आली! ज्यांना तिसरा अर्धा दिवस मिळेल त्यांनी दादर जरूर घ्या, बाबासाहेबांचं घर राजगृह आणि त्यांचं स्मारक चैत्यभूमी. फक्त ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळा, त्या वेळी लाखो लोक येतात आणि त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा दिवस असतो, आपली शाळेची रांग तिथे अडचण होते.

आता विधानभवन, ज्यासाठी ही सगळी धडपड. अडचण अशी की सहलींचा हंगाम डिसेंबर-जानेवारी, आणि हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात नागपूरला असतं. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या सुमाराला मुंबईत, तेव्हा आपल्या परीक्षा. त्यामुळे चालू सभागृह बघायला मिळेलच असं नाही. पण रिकामं सभागृह बघायला मिळालं तरी सोडू नका. परवानगीसाठी आपल्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कार्यालयातून पत्र घ्या आणि विधानमंडळ सचिवालयाला द्या, सोबत मुलांची आणि शिक्षकांची पूर्ण यादी, ओळखपत्रांच्या झेरॉक्स. आमदार कुठल्या पक्षाचे हे बघू नका, ते तुमच्या मुलांच्या गावाचे प्रतिनिधी आहेत आणि पत्र मागणं हाच मुळात राज्यशास्त्राचा धडा आहे. मी तर ते पत्र मुलांकडूनच लिहून घेते. आत मोबाइल, मोठ्या बॅगा नेता येणार नाहीत असं धरूनच चला, सामान बसमधे ठेवा आणि तपासणीसाठी पाऊण तास हातात ठेवा. हे काम कामकाजाच्या दिवशीच होतं. परवानगी आलीच नाही तर फोर्टचा दिवस रविवारी घ्या, रस्ते मोकळे असतात, मुलांना घेऊन चालायला खूप बरं.

जाण्याआधी वर्गात तीन तास तयारीचे ठेवा. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८, हे पुस्तकात आहेच. त्यापेक्षा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) म्हणजे काय, लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी आमदाराची सूचना) म्हणजे काय हे शिकवा आणि प्रत्येक गटाकडून आपल्या गावाच्या प्रश्नावर एक लक्षवेधी लिहून घ्या. आमच्या एका गटाने लिहिली होती शाळेच्या रस्त्यावरच्या मोरीवर, पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जातं आणि पलीकडच्या वाडीतली मुलं येऊ शकत नाहीत. किती दिवस शाळा बुडाली ते हजेरीपटावरून मोजलं, दोन वर्षांचं. ही तयारी करून मुलं सभागृहात गेली की ती खुर्च्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात, इथून आपलं बोलणं मांडलं जातं हे त्यांना कळतं.

राजकारणाचा विषय म्हणून पालकांची काळजी असते आणि ती रास्त आहे. वर्गात सगळ्या पक्षांच्या घरातली मुलं असतात. म्हणून आधीच पालकसभेत सांगून टाका की आम्ही राज्यव्यवस्था दाखवतोय, पक्ष नाही. मुलांना "तुमच्या घरी कुणाला मत देतात" असं कुणी विचारायचं नाही, शिक्षकांनीही नाही. मुलाने एखाद्या नेत्याबद्दल विचारलं तर जे नोंदलेलं आहे ते सांगा, आपलं मत सांगू नका, मोह कितीही झाला तरी. पण वाद नको म्हणून विषयच टाळणंही चूक आहे, मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या हे मुलांना सांगायलाच हवं.

काही साध्या गोष्टी ज्या विसरल्या तर अख्खा दिवस बिघडतो. दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर बाई शिक्षिका सोबत हव्यातच. गळ्यात ओळखपत्र, मागे शिक्षकाचा नंबर. गटप्रमुखाने दर ठिकाणी निघताना डोकी मोजायची. रस्ता ओलांडताना सगळे एकदम नाही, दहा-दहाने, पुढे एक शिक्षक, मागे एक. लोकलचा अनुभव द्यायचाच असेल तर दुपारी बारा ते तीनमधे द्या, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अजिबात नको. आणि स्वच्छतागृहं. यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते आपल्याला माहीत असतं. फोर्टमधे चालायचा मार्ग आखताना आधी स्वच्छतागृहं कुठे आहेत ते नकाशावर मांडा आणि मग ठिकाणं जोडा, दर दोन तासांनी थांबा आणि सकाळीच मुलींना सांगा की कुठे कुठे थांबणार आहोत.

शेवट गेटवेला करा. फोटो तर होतीलच, पण एक गोष्ट सांगा, राजा आला त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ ला पूर्ण झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. आणि पहिल्या पानावरचा प्रश्न परत वाचायला सांगा, बसमधे बसल्यावर ज्याने त्याने आपलं उत्तर लिहायचं, दोन ओळी पुरेत.

परत आल्यावर आठवडाभरात दोन कामं उरका, नंतर होत नाहीत. एक म्हणजे ज्यांनी ज्यांनी परवानगी दिली त्यांना मुलांच्या हस्ताक्षरात आभाराचं पत्र. दुसरं म्हणजे एक फाइल, ज्यात कुठे कुणाशी बोललो, कुठली पत्रं लागली, कुठे किती वेळ गेला, जेवण कुठे बरं होतं, कुठे उन्हात उभं राहावं लागलं हे सगळं लिहून शाळेच्या कपाटात ठेवायचं. आपली बदली होते, फाइल राहते. आणि त्या लक्षवेधी सूचना वहीत ठेवू नका, मोरीवाल्या गटाने त्यांची ग्रामसभेत वाचली, हजेरीपटातल्या आकड्यांसकट.